उजेड पुरंल का, पंच?

इंग्रजी सुधारावं म्हणून मी साहेबांच्या घरी खोली घेतली. सुधारलं ते भलतंच.

भोरच्या शाळेत मला इंग्रजी शिकवायची हंगामी नोकरी लागली होती. आंबवड्याच्या रस्त्याला एक म्हातारा इंग्रज अंमलदार राहतो, पलटणीतून निवृत्त झाल्यावर विलायतेला गेलाच नाही आणि त्याच्या परसदारची खोली रिकामी आहे, असं कुणीतरी सांगितलं. मी मनात म्हटलं, देवच पावला. सकाळ-संध्याकाळ अस्सल इंग्रजी कानावर पडेल, फुकट. वाटेनं मी एक सुंदर इंग्रजी वाक्य जुळवत गेलो. साहेब ओट्यावर बसून बॅटीला तेल चोळत होते. उंच, काटकुळे, कोपरावर ठिगळ लावलेला कोट, आणि पाय अनवाणी. मी वाक्य सुरू केलं आणि पहिल्याच शब्दाला अडलो.

मी तोतरा होतो हे सांगायला हवं. साधासुधा नव्हे. त्या काळी पुण्याची मोटार निघण्याआधी ड्रायव्हर पुढं येऊन हँडल मारायचा, चार-दोनदा गुरगुरून ती पुन्हा गप्प व्हायची. माझं बोलणं तसं होतं. पोरांनी पहिल्या आठवड्यातच माझं नाव 'हँडल मास्तर' ठेवलं होतं, आणि नाव ठेवण्यात भोरच्या पोरांचा हात कुणी धरू नये.

साहेबांनी तेलाचा बोळा खाली ठेवला आणि माझ्याकडं बघत बसले. त्यांनी मान हलवली नाही, घाई केली नाही, मुख्य म्हणजे माझा शब्द स्वतः पुरा केला नाही. मला त्याचं नवल वाटलं. कारण माझे शब्द पुरे करण्याचा सगळ्या जगानं मक्ता घेतला होता. आई करायची, मामा करायचा, आमचे हेडमास्तर करायचे, आणि तेही चुकीचे करायचे. मला 'पाणी' म्हणायचं असलं की लोक 'पान' आणून द्यायचे. साहेब थांबले. माझं वाक्य शेवटी एकदाचं पार पडलं, तेव्हा ते म्हणाले, "खोली हाय. ढेकणं बी हायती. चालंल का?"

अस्सल इंग्रजीची माझी हौस तिथंच फिटली. साहेब राणीच्या कारकिर्दीत, मिसरूड फुटलं न फुटलं तोच, मराठ्यांच्या पलटणीत दाखल झाले होते. तिथं त्यांच्या हाताखाली वेल्ह्याकडचा एक हवालदार होता. मराठी त्यानं शिकवलं, आणि त्याला येत होतं तेवढं सगळं शिकवलं, शिव्यांसकट. साहेबांना वाटे, मराठी ते हेच. माझं पुस्तकी मराठी ऐकून ते एकदा कळवळून म्हणाले, "मास्तर, तुमचं मराठी कुणी बिघडवलं?" इंग्रजी बोला म्हणून मी आर्जव केलं की म्हणत, "आमच्या पलटणीत विंग्रजी हुकमाला. बोलायला मराठीच."

हवालदार कुठल्याशा सरहद्दीवरच्या लढाईत पडला. त्याची बातमी सांगायला साहेब स्वतः वेल्ह्याच्या डोंगरात चालत गेले होते म्हणे. पुढं निवृत्तीनंतर ते या बाजूला आले, संस्थानानं त्यांना राहू दिलं, आणि हवालदाराची बायको ठकूबाई त्यांचा स्वयंपाक बघायला आली. ती स्वयंपाक बघायची आणि साहेबांनाही बघायची. साहेबांची पदकं तिनं दुधाच्या पातेल्यावरच्या ताटलीवर ठेवलेली असत. मांजर ताटली सरकवते म्हणून. कुणी पाहुण्यानं त्या पदकांबद्दल विचारलं, लढायांबद्दल विचारलं की साहेब म्हणायचे, "बाईला इचारा. दूध न्हाई सांडत त्यानं."

लढाईबद्दल एक अक्षर बोलायचे नाहीत. पण पुण्याच्या छावणीत तरुणपणी त्यांच्या हातून एक झेल सुटला होता, त्याबद्दल मात्र दर चार दिवसांनी बोलायचे. चेंडू कसा उडाला, ऊन कुठून येत होतं, दोन्ही हात कसे बरोबर खाली गेले होते. हे सांगताना त्यांचे हात अजूनही ओंजळ धरत. ठकूबाई भाकरी थापता थापता आतून म्हणायची, "सुटला ना एकदा? मंग आता किती डाव सोडताय!"

क्रिकेट हे त्यांचं खरं कुळदैवत. घरामागं त्यांनी जमीन सपाट करून मैदान केलं होतं. खेळायची पट्टी मात्र ठकूबाईनं तिच्या पद्धतीनं केली, म्हणजे खळ्यासारखी. मुरूम घालून, पाणी मारून, चोपून, वर शेणानं सारवून. चेंडू त्यावर काय सरळ यायचा! पण भात झोडायच्या खळ्यावर पायताण घालून कुणी जात नाही, तिथं लक्ष्मी असते. म्हणून साहेबांच्या मैदानावर सगळे अनवाणी खेळायचे. साहेबही. एकदा पुण्याच्या छावणीतून गोऱ्या अंमलदारांचा एक संघ मुद्दाम म्हाताऱ्याला भेटायला म्हणून खेळायला आला. पांढरे शुभ्र कपडे, पांढरे बूट. ठकूबाई पदर खोचून पट्टीच्या तोंडाशी उभी राहिली. "खळ्यावर जोडं चालायचं न्हाईत."

त्यांच्या कप्तानानं साहेबांकडं बघितलं. साहेबांनी आभाळाकडं बघितलं. शेवटी ती अकराच्या अकरा मंडळी गवतात बसून बुटांचे बंद सोडायला लागली. मी ते दृश्य मरेपर्यंत विसरणार नाही. आमच्या पोरांचे पाय कातड्यासारखे टणक, आणि यांचे गुलाबी. हराळीत उड्या मारत धावत होते बिचारे.

आमचा संघ म्हणजे कचेरीतले दोन-तीन कारकून आणि बाकी आंबवड्याकडची शेतकऱ्यांची तरणी पोरं. खेळाडू बाद आहे का, असं पंचाला विचारायची इंग्रजी आरोळी साहेबांनी त्यांना शिकवली होती, तिचं पोरांनी 'हौदात' करून टाकलं होतं. चेंडू पायाला लागला की अकरा जण दोन्ही हात वर करून ओरडायचे, "हौदात!" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, चेंडू कुठल्यातरी हौदात पडला. पुढं पुढं साहेबही तसंच ओरडायला लागले. नाणेफेकीला त्यांच्याकडं राणीच्या मुखवट्याचा जुना रुपया होता. नंतरच्या राजांची नाणी त्यांना चालत नसत. "ह्यो कोन, आमाला ठावं न्हाई," म्हणायचे.

तर खोलीचं भाडं काय, असं मी विचारलं तेव्हा साहेब म्हणाले, "दर आइतवारी पंच व्हायचं."

अंपायर या शब्दाचा पलटणीतल्या हवालदारानं फार पूर्वीच 'पंच' करून टाकला होता. मी घाबरलो. चारचौघांत उभं राहून बोलायचं? म्हटलं, "सा... साहेब, मला बो... बो..." ते थांबले. मी ते 'बोलता येत नाही' कसंबसं पुरं केलं. त्यावर म्हणाले, "पंचाला कशाला बोलाया लागतंय? बोट हाय न्हवं?"

त्या वेळी माझ्या डोक्यावर टांगती तलवार होती. हेडमास्तर माणूस वाईट नव्हता. त्यांनी मला बोलावून सरळ सांगितलं होतं, "विषय तुम्हाला येतो, पण वर्ग हसतो. दिवाळीच्या सुट्टीआधी मी तुमचा तास बघायला येईन. तेव्हाही हेच चित्र असेल तर मला दुसरा माणूस बघावा लागेल." माझी आई वाईला मामाकडं होती. मामी रोज ताट वाढताना काय बोलते हे आई कधी सांगायची नाही, पण मला ठाऊक होतं. नोकरी कायम झाली तर तिला भोरला आणता येणार होतं. नाही तर मीही त्याच पंगतीला जाऊन बसणार होतो.

पहिल्या रविवारी मी उभा राहिलो. "हौदात!" झालं. सगळे माझ्याकडं बघायला लागले आणि सवयीनं माझी तारांबळ उडाली. घाईघाईत बोट वर केलं. त्या वेळी खेळत होते साहेब स्वतः. त्यांनी बॅट काखेत मारली आणि एक शब्द न बोलता चालते झाले. रात्री जेवताना म्हणाले, "निकाल चुकला, पंच. आधी बॅटीला लागला हुता."

मी शरमेनं मेलो. म्हटलं, मग तिथंच का नाही सांगितलंत?

"निकाल त्यो निकाल. म्हागं फिरत न्हाई." मग भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "पर तुमी घाई केली. कशापायी? पंच थांबला की समदी थांबत्यात. कुनाची टाप हाय फुडं जायाची? तोंड मिटून हुबं ऱ्हावा. दिसलं तसं आठवा. मंग बोट. आन शंका आली तर निकाल खेळणाऱ्याच्या बाजूनं. एवढंच शास्तर हाय."

पुढच्या रविवारपासून मी तोंड मिटून उभं राहायला शिकलो. आरोळी झाली की मी गप्प. अकरा माणसं गप्प. बघायला आलेली माणसं, पलीकडच्या बांधावरची गुराखी पोरं, सगळी गप्प. माझ्या आयुष्यात असं कधी झालं नव्हतं. माझ्या गप्प बसण्याला लोक नेहमी हसत आले होते. इथं ते श्वास धरून बसत. संध्याकाळी तोरण्याच्या अंगाला सूर्य उतरला की साहेब दर खेपेला लांबून विचारायचे, "उजेड पुरंल का, पंच?" मी आभाळाकडं बघायचो, हवा तेवढा वेळ घ्यायचो, आणि सांगायचो. गंमत म्हणजे ते 'पुरेल' मला कधी अडलं नाही.

आणि मग वेल्ह्याकडच्या विंझर गावचे दोघे भाऊ आले.

पन्नाशीच्या आसपासचे, एकाच तोंडवळ्याचे. बांधावर एकमेकांकडं पाठ करून बसले होते. थोरल्याच्या हातात नारळ. आमचा खेळ त्यांनी शेवटपर्यंत पाहिला. त्या दिवशी मी पुन्हा एकदा साहेबांना बाद दिलं होतं, आणि या खेपेला बरोबर दिलं होतं. खेळ संपला तसे दोघे उठले आणि थेट माझ्यापुढं येऊन थोरल्यानं नारळ माझ्या पायाशी ठेवला.

"पंच, आमचा निवाडा करा."

मला उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. बाजारात त्यांच्या कानावर गेलं होतं की आंबवड्याच्या वाटेवर एक पंच बसतो, त्याचा निकाल कुणी मोडत नाही. गावातल्या पंचांचे निकाल दोघांनीही मोडून झाले होते. म्हणून विंझरहून चालत आले होते, दोघेही, पण वेगवेगळ्या वाटांनी.

"ह्यानं बांध कोरला," धाकटा म्हणाला. "वाटणी झाल्यावर दर साली माझं खाचर बारीक हुतंय."

"म्या न्हाई कोरला! पावसानं गेला," थोरला म्हणाला. "आन आता तुमी सांगाल त्ये खरं. गोरा सायेब बी तुमच्या बोटाफुडं चालता झाला. मंग आमी कोन?"

मला सांगायचं होतं, अहो, मी तसला पंच नव्हे. शाळामास्तर आहे मी. मी तोंड उघडलं.

"मी... मी... मी..."

आणि गाडी अडली ती अडलीच. कपाळावर घाम आला. मी मदतीसाठी साहेबांकडं बघितलं. ते कुंपणाशी उभे होते, त्यांनी किंचित मान हलवली. म्हणजे थांबा. तोंड मिटा. मी तोंड मिटलं आणि उभा राहिलो. दोघे भाऊ माझ्याकडं बघत होते. माझ्या घामाकडं बघत होते. मी धाकट्याकडं पाहिलं, मग थोरल्याकडं पाहिलं, ते काही निवाडा म्हणून नव्हे, दुसरं कुठं बघावं कळेना म्हणून. थोरल्यानं नजर खाली घातली. पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागला.

"पंच, आमच्यापायी तुमाला एवढा घोर," तो म्हणाला. "म्याच सांगतो. बांध पावसानं गेला, ह्ये खरं हाय. पर म्या त्यो हुता तिथं फिरून घातला न्हाई. जिथं ढासळला तिथनंच नांगर धरला. दर साली."

धाकट्याच्या तोंडून बराच वेळ शब्द फुटेना. आता तोही माझ्याच जातीचा झाला. शेवटी म्हणाला, "दादा, एवढं आधी बोलला असतास, तर म्या वैनीच्या दुखण्यात घरी न्हाई का आलो असतो?" आणि एवढा मोठा बाप्या खळ्याच्या कडेला बसून ओक्साबोक्शी रडला. थोरल्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. ठकूबाईनं नारळ उचलला, दगडावर फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा माझ्या हातात दिला. दोघे एका वाटेनं परत गेले.

मी एक पुरं वाक्यसुद्धा बोललो नव्हतो. साहेब जवळ आले आणि म्हणाले, "पंच, आज लई बोललात."

तो निवाडा त्या भावांचा झाला की माझा, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. आठवड्याभरानं हेडमास्तर तासाला येऊन मागच्या बाकावर बसले. मी कविता शिकवत होतो. तिसऱ्या ओळीला अडलो. एरवी मी त्या अक्षराला ढुशा देत बसलो असतो आणि पोरांनी मोटारीचा आवाज काढला असता. त्या दिवशी मी खडू खाली ठेवला, हात मागं बांधले आणि तोंड मिटून उभा राहिलो, यष्ट्यांमागं राहतो तसा. वर्ग गप्प झाला. कुणीतरी फिसकन हसलं, त्याच्याकडं मी नुसतं बघितलं. पोरं वाट बघू लागली. आणि शब्द आला. चांगल्या घरचा पाहुणा येतो तसा, धक्काबुक्की न करता. पुढंही अडलो, पुन्हा थांबलो, पुन्हा आला. तास संपल्यावर हेडमास्तर बाहेर येऊन हळूच म्हणाले, "तुमचा वर्गावर एवढा धाक आहे, हे मला माहीतच नव्हतं हो!"

मी कायम झालो. आईला भोरला आणलं. तिनं पहिल्या सणाला केलेल्या पुरणपोळ्या साहेबांनी गुळवणीत बुडवून खाल्ल्या आणि बोटं चाटून म्हणाले, "माउली, निकाल तुमच्या बाजूनं." मी तोतरा होतो तो तोतराच राहिलो, आजही आहे. पण मी माझ्या तोतरेपणाचा धनी झालो. आई-वडिलांनी मला बोलायला शिकवलं. थांबायला साहेबांनी शिकवलं. त्यांचे माझ्यावर एवढे उपकार आहेत की ते फेडण्याचा विचार करणंसुद्धा कोतेपणाचं वाटतं. मी सुखानं त्यांच्या ऋणात आहे.

दुसरं महायुद्ध सुरू झालं त्या सुमारास साहेब खचले. खोकला बसला तो उठला नाही. आधी खेळणं सुटलं, मग उभं राहून बघणं सुटलं. डॉक्टर बघून गेले, आणि फाटकाशी मला म्हणाले, आता काही राहिलेलं नाही, आज-उद्याचाच प्रश्न आहे. त्यांना कसली शंका नव्हती.

तो रविवार होता. ठकूबाईनं आणि मी त्यांची खाट ओट्यावर आणली होती, खळ्याकडं तोंड करून. पोरांना मी खेळायला लावलं होतं, कारण खेळ बंद दिसला असता तर साहेबांनी कारण विचारलं असतं. सूर्य डोंगराआड गेला. साहेब बराच वेळ डोळे मिटून होते. मग डोळे न उघडताच म्हणाले,

"उजेड पुरंल का, पंच?"

मी आभाळाकडं बघितलं नाही. त्यांच्याकडं बघितलं. ते काय विचारताहेत हे मला कळलं होतं. आणि जो शब्द मला कधी अडला नव्हता तो घशात येऊन बसला. साहेब थांबले. त्यांच्याकडं किती थोडा वेळ उरला होता, पण त्यांनी पहिल्या दिवसासारखाच तो मला दिला. शंका आली तर निकाल खेळणाऱ्याच्या बाजूनं. डॉक्टरांना शंका नव्हती. पण पंच मी होतो.

"पुरेल, साहेब," मी म्हटलं. "खेळा."

त्यांच्या मिशा हलल्या. "निकाल चुकला, पंच," ते म्हणाले. मग श्वास घेऊन, "पर निकाल त्यो निकाल." त्यांचे हात पांघरुणावर आले आणि त्यांची ओंजळ झाली, झेल धरायला होते तशी. ठकूबाईनं त्या ओंजळीत आपला हात ठेवला.

समोर अंधार दाटत होता. पोरांना चेंडू दिसेनासा झाला होता, नुसता बॅटीचा आवाज येत होता, तरी एकही जण घरी निघाला नाही, कारण पंचानं अजून खेळ थांबवला नव्हता. बऱ्याच वेळानं ठकूबाईनं आपला हात सोडवून घेतला आणि पदर तोंडाला लावला. मी ओट्याच्या पायरीवर येऊन उभा राहिलो. खेळ थांबला. सगळी अनवाणी पोरं माझ्याकडं बघत उभी राहिली. त्यांना सांगायला मी तोंड उघडलं, आणि शब्द येईना. मी तोंड मिटलं आणि उभा राहिलो.

सगळे थांबले. माझा शब्द कुणीही पुरा केला नाही.